चार तास, नव्वद अंश

— करतो की सही, सही कुठं पळून चाललीय? बसा स्वल्प. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय हलतो, तिथं मी बसतो, मला सवय आहे — तुम्ही माझ्या खुर्चीवर बसा. हां. आणि रडायचं असेल तर रडून घ्या आश्लेषाक्का, कोण बघत नाही, सगळे जेवायला गेलेत. वयानं तुम्ही माझ्या चंदनाएवढ्या, म्हणजे मुलीएवढ्या, तरी अक्का म्हणतोय, वाईट वाटून घेऊ नका — आमची बेंगळूरची मराठी अशीच, तीनशे-साडेतीनशे वर्षं इथं काढली, अर्धी मराठी राहिली, अर्धी कन्नड झाली, आणि आता दोन्हीकडचे लोक हसतात. तुम्ही सांगलीच्या, तुम्ही पहिल्याच दिवशी हसला होता, आठवतंय मला. तर काय म्हणत होतो — फॉर्म. क्लिअरन्स फॉर्म. लायब्ररीची सही झालीय, हॉस्टेलची झालीय, उरली ती लॅब असिस्टंट संताजीची. बघा म्हणजे केवढा मोठा माणूस मी. माझ्या सहीशिवाय तुम्हाला पीएच.डी. सोडता येत नाही. ती मिळवायला माझा काही उपयोग नाही, सोडायला मात्र मी लागतो.

बीकर मोजू द्या आधी. सहा — नाही, सात, हा एक पाठीमागं लपला होता. मुद्दाम वेळ लावतोय असं वाटतंय का? लावतोय. गाडी किती वाजताची? साडेसहा, यशवंतपूरहून — मग काय, इथनं चालत निघालात तरी पोचाल. सकाळी तुमच्या गाइड मॅडम जे बोलल्या ते मी ऐकलं. दारामागं उभा नव्हतो, गैरसमज नको — म्हणजे दारामागंच होतो, पण बिजागरीला तेल घालत होतो. वीणा मॅडम मनानं वाईट नाहीत हो. सव्वीस वर्षं बघतोय मी त्यांना, गावाकडनं कुणी आलं तर त्यांच्या हातावर आधी खायला ठेवतात, मग विचारतात कशासाठी आलात. पण ‘दोष तुझ्या हातात आहे, आश्लेषा, याच लॅबमध्ये, याच ओव्हनमध्ये एकाला जमलं आणि तुला आठ महिन्यांत एकदाही जमू नये?’ — हे सगळ्या पोरांसमोर म्हणायला नको होतं. मी आत येऊन काही बोलणार होतो. खरंच बोलणार होतो. मग त्यांची चप्पल दाराकडं वाजली आणि मी तेलाची बाटली घेऊन सरळ जिन्याखाली. आईबापानं नाव ठेवलं संताजी. त्यांना काय माहीत.

आणि हाताचं म्हणाल, तर या लॅबमधला गुणी हात कुणाचा आहे, ठाऊक आहे का? माझा. हसू नका, विचारा कुणालाही. मॅडम म्हणाल्या तो एकजण म्हणजे अभिजीत, त्याची काच जमली तेव्हा ओव्हनचं सगळं मीच बघितलं होतं, म्हणून मॅडम म्हणाल्या, संताजीचा हात लागला. तेव्हापासून पोरं बाटली घेऊन माझ्याकडं येतात — संताजीअण्णा, तुमच्या हातानं ठेवा. आयआयटीतनं आलेली पोरं हो, डोक्यात सगळी भौतिकी, आणि ओव्हनपाशी आली की मी लागतो. एकानं तर मला हातमोजे काढायला लावले, म्हणाला हात थेट लागू दे. आणि त्या काचेवर अभिजीतचा शोधनिबंध छापून आला, त्या पेपरात माझं नाव आहे, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, वीज पुरवणाऱ्यांचे आभार मानलेत त्यांच्या आधी. सकवारनं, म्हणजे बायकोनं, ते पान प्लॅस्टिकमध्ये घालून देवघराशेजारी लावलंय. पाहुणे आले की चहाच्या आधी ते दाखवते. इंग्लिश आमच्यात कुणाला नीट येत नाही, त्यामुळं ती बोट ठेवून नावच तेवढं वाचते आणि पाहुणे मान डोलावतात. मी आपला खाली बघून हसतो. मोठ्या माणसानं असंच हसायचं असतं असं मला वाटायचं.

नाही, ऐका, तुमचा हात खराब नाही. बाटल्या मी धुतल्यात तुमच्या, मला माहीत आहे तुम्ही काय काय केलंत ते. काच स्वच्छ धुवायची, तिच्यावर झिंकच्या द्रावणाचे थेंब टाकून ती गरगर फिरवायची, भट्टीत भाजायची, झाला बियांचा थर. मग ती काच पालथी करून बाटलीत सोडायची, बाटलीत झिंक नायट्रेट आणि हेक्सामीन, झाकण घट्ट, आणि ओव्हनमध्ये नव्वद अंश, चार तास. काचेवर झिंक ऑक्साइडची पांढरी साय धरते. उघड्या डोळ्यांना ती साय, आणि मोठ्या मायक्रोस्कोपखाली बघितलं की दाटीनं उभ्या राहिलेल्या षटकोनी कांड्या, एकेक कांडी केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढी. एवढं मला येतं, कन्नडात सांगितलं तर याहून बरं येतं. तुम्ही उष्णता वाढवली, कांड्या जाड झाल्या. अमोनिया घातला, लांब झाल्या. द्रावण पातळ केलं तर विरळ आल्या, बियांचा थर बदलला तर पडल्यासारख्या वाकड्या आल्या. सगळं झालं, पण अभिजीतसारख्या टोकदार सुया काही येईनात. आणि त्या दिव्याखाली धरलं की — पिवळं. दर वेळी पिवळं. मॅडम पहिल्याच दिवशी सांगतात ना सगळ्यांना, अतिनील दिव्याखाली काच पिवळी उजळली तर समजा आत खोट राहिली, ऑक्सिजन हवा तिथं नाही, नको तिथं बसलाय. नाही उजळली तर माल चोख, त्याचा सगळा उजेड डोळ्यांना न दिसणाऱ्या टोकाला, एकाच शिखरात निघतो. तो दिवा माझ्यावर धरला तर मी हळदीतल्या नवऱ्यासारखा दिसेन, ते सोडा.

थांबा, एक गंमत दाखवतो, मग सही. हा ड्रॉवर — हं, जरा अडकतो — हा डबा. पडदा ओढा तेवढा. आता ही तुमची कालची काच, दिव्याखाली धरतो. पिवळी. बरोबर. आणि आता ही दुसरी. काय दिसतंय? काहीच नाही. काळी. आहे का कुठं पिवळा ठिपका? नाही ना? म्हणजे होतं, आश्लेषाक्का, या लॅबमध्ये होतं, एवढंच दाखवायचं होतं, धीर सोडू नका. कुणाची म्हणजे, अभिजीतची. सुम्ने ठेवलीय मी, उगाच, आठवण म्हणून. द्या इकडं. तुकडे? हो, अभिजीतच्या काचेचे आठ तुकडे केले होते मोजमापाला, पेपरात लिहिलंय, तुम्ही नीट वाचलाय पेपर — मग ही अख्खी कशी, म्हणता? उरली असेल एखादी. द्या ना इकडं, हाताचे डाग पडतील. मागं काय लिहिलंय? काही नाही लिहिलेलं. कुठली तारीख? बघू — अरे देवा.

सोळा जानेवारी. ह्याच वर्षीची. मीच लिहिली, दुसरं कोण लिहिणार, हिऱ्याच्या पेन्सिलनं, माझ्या सुंदर अक्षरात. सव्वीस वर्षं पोरांवर ओरडतोय, मागं तारीख नसलेली काच कचऱ्यात जाणार, राजाची असो की रंकाची. आणि स्वतः चोरून केलेली काच, तिच्यावरही तारीख घातली. हात आपोआप गेला. लोक चोरी करून नामानिराळे होतात, मी चोरी करून खाली दिनांक घालतो. पडदा उघडा. बसा. तुम्ही अशा उभ्या राहिलात की मला पोलीस स्टेशनात आल्यासारखं वाटतंय.

हो, मी वाढवली. संक्रांतीच्या सुट्टीत. तुमच्याच उरलेल्या द्रावणात, तुमच्याच बियांच्या काचेवर — ती एक काच कमी भरली म्हणून तुम्ही दोन दिवस शोधत होता, आणि मीही तुमच्याबरोबर टेबलाखाली वाकून शोधत होतो, ती हीच. चौदाला ठेवली, सोळाला काढली. पहिल्या झटक्यात काळी. नाही, हाताचा गुण नाही, हाताचं नाव आता काढू नका. आता बोललोच आहे तर सगळं ऐका, म्हणजे मलाही कळेल मी किती बोललोय ते.

चार दसऱ्यांपूर्वीची गोष्ट. तुमच्याकडं खंडेनवमीला घरात हत्यारं पुजतात, सरी, ठीक आहे, पण इथली आयुधपूजा तुम्ही अजून बघितली नाही, तुम्ही दसऱ्याला सांगलीला गेला होता. इथं रिक्षा, बस, शिवणयंत्र, झेरॉक्सचं मशीन, ज्याला ज्याला चाक किंवा बटण आहे त्याला कुंकू लागतं. आणि दुसऱ्या दिवसापासून सुट्टी असते, म्हणून ऑफिसात आणि लॅबमध्ये पूजा आदल्या दिवशी दुपारीच उरकतात. तो बुधवार होता. अभिजीतला पुण्याची गाडी गाठायची होती. त्यानं बारा वाजता बाटली ओव्हनमध्ये ठेवली, बॅग खांद्याला, आणि मला म्हणाला, अण्णा, चार वाजता काढा, स्वच्छ पाण्यानं धुवा, वाळवून ठेवा, मी पळतो. मी म्हटलं, बिनघोर जा. हे वाक्य मी फार चांगलं म्हणतो. दोन वाजता मॅडम ताट घेऊन आल्या, म्हणाल्या, सगळी मशीनं बंद करा, चालू मशीनची पूजा करतात का कुठं? केली बंद. एकेक बटण, माझ्याच हातानं, हाच तो प्रसिद्ध हात. ओव्हनचंही केलं. आत बाटली आहे हे माहीत होतं का? होतं हो. म्हटलं, पूजेपुरतं बंद, मग लावू. मग ओव्हनला विभूतीचे तीन पट्टे, कुंकू, हँडलला झेंडूची माळ, आरती, आणि दारात कोहळा फोडायचा मान माझा — तो मी असा फोडला की आतलं कुंकवाचं पाणी मॅडमच्या साडीवर. ते पुसण्यात वीस मिनिटं गेली. मग चुरमुरे-फुटाणे, मैसूरपाक. आणि पुजलेलं हत्यार त्या दिवशी परत हातात घ्यायचं नसतं, त्याला विश्रांती असते, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून मी ओव्हन परत लावला नाही असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. ते खोटं आहे. मी विसरलो. मैसूरपाक कागदात बांधला, मेट्रो पकडली आणि बसवनगुडीला घरी गेलो. रविवारी दुपारी जेवून आडवा झालो होतो, आणि एकदम उठून बसलो, म्हटलं, बाटली. सकवार माझ्या तोंडाजवळ येऊन वास घेऊन गेली.

सोमवारी सव्वानऊला ओव्हन उघडला. माळ वाळून काथ्या झालेली, आणि बाटली थंडगार. आता बघा हं, या ठिकाणी शहाण्या माणसानं काय केलं असतं? काच फेकून दिली असती आणि सांगितलं असतं, चुकलं. मी काच काढली, धुतली, वाळवली, आणि रजिस्टरमध्ये लिहिलं — हे, हेच रजिस्टर, लपवलेलं नाही, फक्त माझ्या ड्रॉवरला कुलूप असतं — नव्वद अंश, चार तास, काढले बुधवार दुपारी चार. खाली सही. का लिहिलं? बावीस वर्षं कंत्राटावर होतो आश्लेषाक्का, दर अकरा महिन्यांनी नवा कागद, आणि त्याच महिन्यात मला कायम करण्याची फाइल मॅडमच्या टेबलावर होती. संताजी जबाबदार आहे, असं त्यांना त्यात लिहायचं होतं. त्यांना जबाबदार माणूस मिळावा म्हणून मी जबाबदारीनं खोटं लिहिलं.

मग अभिजीत आला, काच दिव्याखाली धरली, आणि लहान पोरासारखा खोलीत फिरला. काळी. मायक्रोस्कोपखाली सुया, सगळ्या टोकदार. आलेखात एकच शिखर. का झालं ते तेव्हा कुणालाच कळलं नाही, आणि मला आजही पुस्तकातलं कळत नाही, पण खडीसाखर कशी होते ते मी बघितलंय. पाक गरम असताना घोटला की भुसभुशीत रवा पडतो, आणि न हलवता आपोआप निवू दिला की मोठे खडे धरतात, आरपार दिसणारे. ओव्हनच्या भिंती जाड, बंद केला तरी तो अंधार पडेपर्यंत कोमट राहिला असणार, दार कुणी उघडलं नाही, माळ होती ना दाराला. कांड्या सावकाश वाढल्या, माल संपत आला तशा टोकाला निमुळत्या झाल्या, आतली खोट बसायला जागा राहिली नाही. दोन तास उष्णता आणि पुढं सुट्टी. असा तो शोध. पेपरात छापलंय चार तास.

अभिजीत लबाड नाही हो, त्याला नावं ठेवू नका. त्यानं मला तीनदा विचारलं. एकदा त्याच आठवड्यात, एकदा पेपर पाठवायच्या आधी, कारण त्याची दुसरी काच पिवळी आली होती, तिसरीही आली होती — अण्णा, चारलाच काढली होती ना? आणि तिसऱ्यांदा जर्मनीहून, फोनवर. तिन्ही वेळा मी म्हटलं, चारला म्हणजे चारला. एकदा तर मी रागावलो सुद्धा, म्हटलं, तुम्हाला माझ्यावर भरवसा नाही का? त्यानं माफी मागितली. खोटं बोलून वर माफी मिळवणारा माणूस तुम्ही पहिल्यांदाच बघत असाल, बघून घ्या.

माझं सोडा. सुहासचं नाव ऐकलंय ना? तुमच्या आधीचा. खिडकीपाशी तुम्ही बसता ते टेबल त्याचं. त्याला मॅडमनी तेच काम दिलं, अभिजीतची काच पुन्हा करून दाखव, मग पुढं जाऊ. अडीच वर्षं. एकशे बेचाळीस बाटल्या, रजिस्टरमध्ये नोंद आहे, आणि त्यातली प्रत्येक बाटली मी माझ्या हातानं ओव्हनमध्ये ठेवली, त्याचा आग्रह होता. दर वेळी आधी मला कॉफी आणून द्यायचा. मी प्यायचो. चार तास झाले की ठोका पडल्यासारखी काच काढायची, दिव्याखाली धरायची, पिवळी. त्यालाही मॅडम म्हणायच्या, तुझं वजन चुकतं, तुझं लक्ष नाही, तुझा हात थरथरतो. शेवटी शेवटी खरंच थरथरायला लागला. मी बघत होतो. एक दिवस तो असाच फॉर्म घेऊन आला, इथं, ह्याच वेळेला. मी बीकर मोजले. एक फुटलेला होता, तो मी सोडून दिला, लिहिला नाही. आणि घरी जाताना मला वाटलं, मी किती उदार माणूस आहे.

नाही, पाणी नको. बसा, अजून संपलेलं नाही.

डिसेंबरात भाचीच्या घरभरणीला बोम्मसंद्राला चाललो होतो. आर. व्ही. रोडला मेट्रोची पिवळी लाइन पकडायला जिना चढतोय तर समोर सुहास. तिकडं एका रंगाच्या कारखान्यात आहे. काय काम, म्हटलं, तर हसला. झिंक ऑक्साइडची पोती तपासतो, पंचवीस पंचवीस किलोची, म्हणाला, तुमच्याकडं मिलिग्रॅमनं जमलं नाही, आता पोत्यानं करतो. हे त्यानं चेष्टेत सांगितलं, तोंडात वाईटपणा नव्हता. गाडी आली तेव्हा त्यानं माझी पिशवी धरली, मला बसायला जागा करून दिली, आणि म्हणाला, ‘अण्णा, तुम्ही तर प्रत्येक बाटलीला हात लावलात. माझ्याच हातात नव्हतं ते. मला आता पटलंय.’

त्याला पटलंय म्हणे. मी घरभरणीला गेलो आणि जेवलो नाही. मला काय वाटलं असेल ते सांगत बसत नाही, लाज वाटली, एवढंच, आणि ती अजून गेलेली नाही. म्हणून संक्रांतीला ही काच तशीच, दोन तासांनी बटण बंद करून, वाढवून बघितली. मनात होतं, पिवळी येऊ दे. पिवळी आली असती तर पूजेचा, सुट्टीचा, माझा काही संबंध नाही, असं म्हणता आलं असतं. काळी आली.

म्हणून म्हणतो, हा फॉर्म फाडा. माझ्या डोक्यात एक युक्ती आहे, सकाळपासून आहे, त्यासाठीच तुम्हाला बसवून ठेवलंय. आज बाटली ठेवा. दोन तासांनी मी बटण बंद करतो, उद्यापरवा सुट्टी आहे, सोमवारी उघडा. सुया येतील, माझा शब्द. मॅडम खूश, तुमचं काम पुढं, गाडीचं तिकीट रद्द. फक्त रजिस्टरमध्ये चार तास लिहा. का म्हणजे? मागचं आणि आताचं जुळायला नको का? तुम्ही दोन तास लिहिलंत की मॅडम विचारणार, अभिजीतचे चार कसे, आणि मग — असं बघू नका. मला कळतंय. तुमच्यानंतर जो येईल त्याचं काय, हेच ना? त्याच्याही कानात सांगू. मी रिटायर झालो तर तुम्ही सांगा, तुम्ही गेलात की तो सांगेल, असं कानोकानी चालू द्या, सगळी लॅब कानावर चालेल आणि पेपरात चार तास. ऐकायला किती मूर्खासारखं वाटतंय ते बोलल्यावरच कळतं. मनात असताना फार हुशारीचं होतं.

आणि सुहासला कुणी सांगायचं, असंही विचारताय. नाही विचारलंत? मग मीच विचारलं असेल.

सरी. पेन द्या. फॉर्मला नको, रजिस्टर इकडं सरकवा. हे पान. इथं खाडाखोड चालत नाही, पांढरं लावायचं नाही, पान फाडायचं नाही — एकच रेघ मारायची, म्हणजे खालचं चुकीचं वाचता यायला पाहिजे. हे मी सगळ्यांना शिकवतो. मारली रेघ. आता वर लिहितो — ओव्हन बंद, बुधवार दुपारी दोन, पूजेसाठी. काच काढली सोमवारी सकाळी सव्वानऊला. सही, आजची तारीख. पान उघडंच राहू दे, शाई वाळू दे.

काय होईल? आता कायम झालोय मी, नोकरीवरनं काढणार नाहीत, खाली भांडारात पाठवतील, तिथं झाडू मोजायचे. पेपर दुरुस्त करावा लागेल, अभिजीतला तिकडं तोंड दाखवायला अवघड होईल, मॅडमना तर विचारूच नका, त्यांनी त्या काचेवर किती ठिकाणी भाषणं दिलीत. पण सुयाही खऱ्या आहेत आणि काळी काचही खरी आहे, फक्त वेळ खोटी होती, हे त्यांना पटायला वेळ लागेल, पटेल. घरचं अवघड आहे. सकवारला सांगायचं, ते भिंतीवरचं उतरव. ती कारण विचारेल आणि मी सांगेन, आणि मग ती ते पान पुसून माझ्या हातात देईल, तेच भीतीचं.

नाही, मॅडमच्या खोलीत नाही जाणार. दार लावून त्यांना एकट्यांना सांगणं सोपं आहे, त्या चिडतील, मी मान खाली घालेन, दोघं मिळून ते पान परत ड्रॉवरमध्ये ठेवू — मी ओळखतो मला, आणि त्यांनाही. तीनला सगळ्यांची मीटिंग आहे. तुम्हाला त्या सगळ्यांसमोर बोलल्या, सुहासलाही सगळ्यांसमोर. मग हे बंद दारामागं कशाला? सुहासचा नंबर आहे माझ्याकडं, त्यालाही फोनवर घ्यायचा, त्यानं ऐकावं. तुम्ही माझ्या बाजूनं काही बोलायचं नाही, सांगून ठेवतो, तुम्ही चांगल्या घरच्या आहात, तुम्हाला दया येईल, ती आवरा.

फॉर्म राहू दे माझ्याकडं. मीटिंगनंतरही हवा असेल तर सही करतो, साडेसहाची गाडी मिळेल. जा आता. जा, तोंड धुवा आणि हॉलमध्ये जाऊन बसा. माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवू नका, मी उभाच राहणार आहे.